खिशातली थरथर

“हे बोंबलतं का?” गंधमास्तरांनी विचारलं.

“अख्खी इमारत जागी होईल काका,” दुकानातली मुलगी अभिमानाने म्हणाली.

“मग नको.”

तिने ते यंत्र बाजूला सारून दुसरं पुढे केलं. घरातली हवा बिघडली की हे बाईच्या आवाजात सूचना द्यायचं. गंधमास्तरांनी हात जोडले. “सूचना द्यायला घरात एक बाई आहे. ती रजासुद्धा घेत नाही.”

गंधमास्तर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. साबणाच्या कारखान्यात चौतीस वर्षं त्यांचं काम एकच होतं, प्रत्येक खेपेचा साबण हुंगायचा. ते ‘हं’ म्हणाले की माल बाहेर पडायचा. निवृत्तीनंतर नोकरी सुटली, नाव राहिलं. घरातही त्या नाकाचा केवढा दरारा! मैत्रिणीकडे काय खाल्लं हे लेक दारात चपला काढेपर्यंत बाबांना कळलेलं असे.

ते नाक दोन वर्षांपूर्वीच्या तापात गेलं. म्हणजे होतं जागच्या जागी, पण कामातून गेलं. गुलाब आणि फिनेल त्यांना सारखंच. हे त्यांनी कोणालाही सांगितलं नव्हतं, बायकोला तर नाहीच. बायको स्वयंपाक करताना आपणहून बडबडत असायची, तेवढं बरं होतं. “कांदा आज जरा जास्तच परतला गेला हो.” “नव्या साबणाला लिंबाचा वास आहे बघा.” बोलायची सवयच आहे तिला, असं म्हणत गंधमास्तर वेळ मारून नेत. “लिंबाचाच, पण हलक्या प्रतीचा,” एवढं बोललं की काम भागायचं.

पण आता प्रश्न नातवाचा होता. लेकीची रजा संपत आली होती. बायको सकाळी ग्रंथालयात कामाला जायची, त्यामुळे नऊ ते बारा दहा महिन्यांचं पोर एकट्या आजोबांच्या हवाली होणार होतं. आजोबा की पाळणाघर, हे लेक रविवारी येऊन ठरवणार होती. “बाबांचं नाक आहे, म्हणून मला काळजी नाही,” असं ती फोनवर म्हणाली आणि गंधमास्तरांची झोप उडाली. काही करपलं, गॅस सुटला, तर कळणार कसं? खरं सांगावं तर नातू पाळणाघरात जाणार. न सांगावं तर... तो विचार ते पुरा करत नसत.

म्हणून ते इथे आले होते. घरी त्यांनी “फोनचा चार्जर बघायला जातो” असं सांगितलं होतं. दुकान बायकोनेच सुचवलं. गेल्या आठवड्यात ती तिथे दिवा आणायला गेली होती. “तिथली मुलगी नीट समजावून सांगते,” म्हणाली.

मुलीने आता काउंटरखालचा खण उघडून एक मुठीएवढी पांढरी डबी काढली. “हे गप्प असतं. धूर, करपणं, गॅस, काहीही झालं तरी फोन फक्त खिशात थरथरतो. शेजारी बसलेल्यालाही कळत नाही.”

गंधमास्तरांचा जीव भांड्यात पडला. त्यांच्या आधीच्या गिऱ्हाइकाला तिने खोल्या किती, खिडक्या किती, असं विचारून भंडावून सोडलं होतं. त्यांना एकही प्रश्न केला नाही. माणूस बघून ओळखते, ते मनात म्हणाले.

“सिंकवरच्या फळीवर ठेवा काका, बरण्यांच्या मागे,” पिशवी हातात देताना ती म्हणाली. “तिथे बरोबर बसेल.”

बसली. दुसऱ्या दिवशी बायकोने त्याच फळीवरच्या बरण्या पुसल्या, पण अवाक्षर काढलं नाही. एका जुडीसाठी भाजीवाल्याची उलटतपासणी घेणारी बाई! नजर अधू झाली बिचारीची, असं म्हणून गंधमास्तरांनी मोठ्या मनाने सोडून दिलं.

तीन दिवस, बायको कामावर गेली की ते पावाचा तुकडा मुद्दाम करपवत. फोन दर वेळी थरथरला. दोन वर्षांत पहिल्यांदाच ते घरात मोकळेपणाने वावरू लागले.

रविवारी लेक आली. नातू आजोबांच्या मांडीवर बसून मिशी ओढत होता. बायको आत चहाला लागली.

“बाबा, खरं सांगा, झेपेल ना तुम्हाला?” लेकीने विचारलं. “सासूबाई म्हणतात, पाळणाघरच बरं.”

गंधमास्तरांनी तोंड उघडलं. नातवाने मिशी सोडून त्यांचं नाकच मुठीत धरलं होतं. सगळं खरं सांगून टाकावं, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं.

खिशात फोन थरथरला.

त्यांनी मान वर केली, नातवाची मूठ सोडवली आणि कारखान्यातल्या जुन्या रुबाबात नाकपुड्या फुगवल्या. “दूध लागतंय.”

लेकीने जोरात श्वास घेतला. “मला तर काहीच वास येत नाहीये.”

“येईल, येईल.”

“अगं बाई, दूध!” आतून बायको ओरडली. “बरं झालं हो सांगितलंत! थोडक्यात वाचलं!”

लेक बापाकडे बघतच राहिली. मग हसली. “उद्यापासून आणते त्याला. सासूबाईंना काय सांगायचं ते मी बघते.”

गंधमास्तरांना आनंद मावेना. नातवाला खांद्यावर घेऊन ते ऐटीत स्वयंपाकघराकडे निघाले. लक्ष कुठे असतं तुझं, असं बायकोला चांगलं सुनवायचं त्यांनी ठरवलं होतं.

शेगडीवर काहीच नव्हतं. दुधाची पिशवी न कापता ओट्यावर पडली होती. फळीवरच्या बरण्या बाजूला सरकवलेल्या होत्या, पांढऱ्या डबीखाली थोडासा धूर अजून घुटमळत होता, आणि बायको अर्धवट जळलेला कागद नळाखाली धरून विझवत होती.

“चार्जर चांगला निघाला हो,” ती मागे न बघता म्हणाली.