चारशे बारा नकार

रुचीनं पंचायतीच्या ओट्यावर कॅमेरा मांडला त्याला आज सतरावा दिवस, आणि त्याच्यापुढे बसलेली माणसं मोजून नऊ. बाकीचं गाव समोरून तोंड फिरवून जायचं. ही सगळी करामत अल्का शहारेची.

रुची नागपूरच्या कंपनीची पोरगी. कंपनीचा सरकारशी करार झालेला. जंगलाच्या वाटांवर कॅमेरे लावायचे, गावोगावचे चेहरे नावानिशी मशीनमध्ये भरायचे, म्हणजे जंगलात कोण गेलं, कुणाच्या मागं गेलं, ते सरकारला बसल्या जागी कळणार. चेहरा देणं ज्याच्या त्याच्या मर्जीवर, हे रुची स्वतःच सांगायची. पोरगी गुणाची होती, खोटं बोलत नव्हती.

पण शेजारच्या गावचा केवळराम हौसेनं चेहरा देऊन बसला होता. हरवलेला बैल शोधायला तो जंगलात गेला. त्याच वाटेनं तासाभरापूर्वी पोलिसांच्या यादीतला कुणी माणूस गेलेला, आणि मशीननं दोघांची सांगड घातली. बिचाऱ्याला चार वेळा चौकीत बसवलं. तेव्हापासून त्यानं जंगलाचं नावच टाकलं. मोहाची फुलं नाहीत, तेंदूपत्ता नाही.

अल्काचं अर्धं वर्ष त्या मोह-तेंदूवरच निघायचं. तिच्या जिवाला घोर लागला, आणि मग ती हट्टालाच पेटली. ग्रामसभेत नकाराचा ठराव घ्यायचा. ग्रामसेवक उमेंद्र म्हणाला, शंभर माणसं आली तरी भागते. ही कसली ऐकते. शंभर कायले, अख्खं गाव पाहिजे, म्हणत तिनं नवेगाव बांधाच्या काठचं ते सगळं गाव पालथं घातलं. चुलीपुढं बसलेल्या बायांना उठवलं, तलावावर जाळी सुकवणाऱ्यांना गाठलं.

वहीतल्या सह्यांवर मात्र तिचा काडीचा भरवसा नव्हता. मागे एका ठरावाखाली दोन मेलेल्या माणसांच्या सह्या निघाल्या होत्या.

“कागद बदलवता येते, उमेंद्रभाऊ,” ती म्हणाली. “व्हिडिओ काढा. एकेक माणूस समोर येईन, नाव सांगन, नाई म्हणन. मंग कोण बदलवते पाहू.”

उमेंद्रला पटलं. तसंही सभेचं चित्रीकरण सरकारी साइटवर चढवावंच लागायचं.

सभेला गाव लोटलं. लिंबाखाली उमेंद्र मोबाइल धरून उभा, आणि त्याच्यापुढे ही लांब रांग. पार्वताबाई काठी टेकत आली, तीही पदर नाकापर्यंत ओढून. अल्कानं पुढे होऊन तो मागे सारला.

“मावशे, तोंड दिसू दे. तूच होय हे कळलं पाहिजे ना.”

म्हातारीनं आपलं नाव सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं, घर नंबर सांगितला आणि म्हणाली, “माहा नकार आहे.” पाठोपाठ सगळ्यांनी तेच केलं. ऊन उतरेस्तोवर चारशे बारा जण झाले. शेवटी अल्का उभी राहिली आणि असं खणखणीत बोलली, की टाळ्याच पडल्या.

रुचीनं कॅमेरा आवरला. हरकत नाही ताई, तुमची मर्जी, एवढंच म्हणाली. अल्कानं तिला चहा पाजूनच गाडीत बसवलं. आता तहसीलदारीण होतं का काय, म्हणून घरी भोजराजनं बायकोची थट्टा केली. ती हसली. कितीतरी दिवसांनी तिला पोटभर जेवण गेलं.

पंधरा दिवसांनी मोह पडायला लागला. उजाडताच अल्का टोपली घेऊन निघाली. जंगलाच्या तोंडाशी नव्या खांबावर कॅमेरा लागला होता. तिनं पदर सावरलासुद्धा नाही. लाव म्हणावं किती लावतं ते! त्याच्याकडे टक लावून, मुद्दाम हळूहळू ती खालून चालत गेली.

पुढच्या नाक्यावर वनरक्षक बसला होता, परवाच बदलून आलेला, गावात एकालाही न ओळखणारा. त्याच्या हातातला मोबाइल वाजला.

“अल्का भोजराज शहारे,” त्यानं वाचलं. “घर नंबर एकशे सतरा. आज एकट्याच का ताई?”

अल्का थांबली. नाव कोणी सांगितलं, तिनं विचारलं.

त्यानं मोबाइल तिच्यापुढे धरला. पडद्यावर लिंबाखाली अल्काच उभी होती, मान ताठ, नजर समोर, ‘नकार’ म्हणताना तोंड अर्धं उघडलेलं.