आजींची नाल
आप्पांच्या जुन्या विमानात मी नवा रेडिओ नि जीपीएस बसवला आणि होकायंत्र रुसलं. राहू गावच्या धावपट्टीवर विमानाचं नाक उत्तरेला, तर काटा सोलापूरकडे. तपासणीचे साहेब समोर उभे. आज नापास झालं, तर आप्पा विमान कासुर्डीच्या ढाबेवाल्याला विकणार होते. ते ढाब्यावर चढवायला त्यानं छताचं माप घेऊन ठेवलेलं. तीनदा वायरी तपासल्या. शेवटी होकायंत्रामागे हात घातला, तर घोड्याची नाल! “मीच बांधली,” पंखाखाली उभ्या आप्पांच्या आई म्हणाल्या. “नव्या सामानाला दिष्ट लागंल.” “आजी, लोखंडानं काटा फिरतोय.” “फिरू दे. नाल न्हाई, तर माझा ल्योक उडायचा न्हाई.” साठीचे आप्पा वैमानिकाच्या खुर्चीतून गपचूप खाली उतरले. मी नाल शेपटीत बांधली. काटा उत्तरेला आला, आप्पा खुर्चीत आले. साहेबांनी सही केली आणि नव्या उपकरणांच्या यादीत लिहिलं: घोड्याची नाल, एक नग, चालू स्थितीत.