डावीकडून चौथा

रतनबाईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला, मग हात लांब करून धरला आणि हसल्या.

"ह्यो कुत्रा लय द्वाड व्हता. बापाचं धोतर फाडलं व्हतं त्यानं."

"कुत्र्यांची नावं आहेत, मावशी," सुषमाताई म्हणाल्या. "फोटोच्या मागे लिहिलीत. माणसांची नाहीत."

लोणावळ्यात पाडलेल्या एका बंगल्याच्या भंगारात हा फोटो मिळाला होता. पायरीवर ओळीने उभे असलेले पाच नोकर आणि पुढे बसलेली दोन कुत्री. मागे वळणदार इंग्रजीत फक्त टायगर आणि बेला. सुषमाताईंच्या कपाटात असे पुष्कळ फोटो होते. कुणाचं लग्न, कुणाचं बारसं, कुठल्याशा शाळेचा वर्ग. प्रत्येकात कुणी ना कुणी ओळखायचं राहिलेलंच. एकही फोटो पुरा झाला नव्हता. भाचा म्हणायचा, "आत्या, मेलेल्यांची जनगणना करायला कुणी सांगितलंय तुला?" अलीकडे पाय सुजत होते. कान्हे फाट्यावरून जीपमध्ये अंग चोरून टाकव्याला येताना त्यांनी ठरवून टाकलं होतं, हा एक पुरा झाला की बास.

त्या बंगल्याच्या माळ्याची मुलगी टाकव्याला दिलेली आहे, एवढं कळायलाच वर्ष गेलं होतं. ती मुलगी आता ऐंशीच्या घरात होती आणि ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती.

"सांगा बरं. डावीकडून."

"ह्यो आचारी, पास्कू. गोव्याकडचा. माशाबिगर घास उतरायचा न्हाई त्याला. ह्यो गेनू, टांगा हाकायचा. ह्यो माजा बाप, महादू. फोटू काढायचा म्हणून सायबाचा जुना कोट चढवलाय. बाह्या बगा, बोटांवर आल्यात." त्या पुन्हा हसल्या. त्यांचं बोट पुढे सरकलं. "आन ही कडंची शकुबाई, भांडी घासायची. तोंडाची लय फटकळ. सायबीणसुदिक तिला भ्यायची."

सुषमाताई कागदावर एकेक नाव उतरवत होत्या.

"चौथा राहिला, मावशी."

रतनबाईंनी फोटो मांडीवर ठेवला.

चौथा तरुण होता. डोक्याला मुंडासं, कमरेला कोयता. डोंगरातल्या एखाद्या वाडीवरचा असावा. बाकी सगळे कॅमेऱ्याकडे बघत होते. हा एकटा दुसरीकडेच बघत होता.

"याचं लक्ष कुठे आहे कोण जाणे," सुषमाताई म्हणाल्या.

"तितं हौद व्हता. मी हुबी व्हते हौदापाशी. बाप म्हणला, पोरीच्या जातीनं फोटूत यिऊ नये."

"म्हणजे याला ओळखता तुम्ही."

"व्हय."

"मग नाव सांगा."

रतनबाईंनी पदर डोक्यावरून पुढे ओढला. सुषमाताईंची पेन्सिल कागदाला टेकलेलीच राहिली.

"हे तुमचे मालक का?"

"न्हाई वो. मालक त्ये बगा." भिंतीवर हार घातलेला फोटो होता. फेटा, जाड मिशा. "अंबाजी. लोणावळ्याला न्हवतं त्ये कवा. समदा जलम हितंच शेतीत."

"त्यांचं नाव घेता की तुम्ही."

"घ्यावंच लागतंय. रेशनला घ्या, ब्यांकेत घ्या, दवाखान्यात घ्या. त्याची काय लाज ऱ्हायली आता?" पदर तसाच धरून, मांडीवरच्या फोटोकडे न बघता त्या म्हणाल्या, "ह्यांचं न्हाई मी घ्यायची."

सुषमाताईंनी कागदाकडे पाहिलं. तीन नावं, मग रिकामी ओळ, मग शकुबाई. एवढी एक ओळ भरली असती तर कपाटातल्या बाकीच्या फोटोंकडे बघायचंही कारण उरलं नसतं. आणखी एकदा विचारावं असं त्यांच्या ओठावर आलं. पण विचारायचं म्हणजे काय विचारायचं?

रतनबाईंची नातसून प्रेरणा चहा घेऊन बाहेर आली. मोठी चुणचुणीत होती.

"मिळाली का सगळी नावं? नसतील तर कोंडाजीआबांना हाक मारते. तेपण होते त्या बंगल्यावर. समोरच बसलेत पारावर. त्यांना सगळ्यांचं सगळं माहीत असतं."

रतनबाई बशीतल्या चहाकडे बघत होत्या. त्यांनी बशी तशीच खाली ठेवली.

सुषमाताईंनी कागदाची घडी घातली. मग आणखी एक घडी घातली.

"मिळाली," त्या म्हणाल्या. "सगळी मिळाली."

"बघा! सकाळची गोळी घेतली का ते आठवत नाही आजीला, पण साठ वर्षांमागचा गडी आठवतो," प्रेरणा म्हणाली आणि स्वतःच हसली.

चहा संपला. सुषमाताई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. फोटो घ्यायला त्यांनी हात पुढे केला, पण रतनबाईंनी तो लगेच दिला नाही.

"बाई, ह्याची एक कापी काढून द्याल? बापाचा फोटू न्हाई आमच्यात."

"पाठवून देते."

"मग अख्खा कशाला, आजी?" प्रेरणा रिकामे कप उचलता उचलता म्हणाली. "मोबाईलवरपण होतंय हल्ली. बाकीची माणसं कापून टाकायची आन पणजोबा तेवढे मोठे करायचे. कसं झ्याक दिसंल भिंतीवर."

"नगं," रतनबाई म्हणाल्या. "हाय तसा ऱ्हाऊ दे. कुणाला कापू नगं."