सूर्यफुलाची बारावी पाकळी

"काका, अकरा पाकळ्या नीट उभ्या राहिल्या. बारावी काही राहत नाहीये," जिनत म्हणाली आणि तिनं मॉनिटर रंगरावांकडे वळवला.

रंगराव खुर्चीच्या अगदी कडेला टेकले होते. टोपी गुडघ्यावर, मांडीवर मुलीचा टॅब. लोणी काळभोरला त्यांची रोपांची नर्सरी. तिथं डोळे मिटून नुसतं पान चुरगळलं तरी झाड ओळखणारा माणूस. पण पाट्या आणि लोगो बनवणाऱ्या कोथरूडच्या या थंडगार ऑफिसात कुणी पाणी विचारलं तरी दचकत होता. भाग्यश्रीनं गेल्या वर्षी टॅबवर नर्सरीसाठी हे सूर्यफूल काढलं होतं. "बाबा, आपला लोगो," म्हणाली होती. बाबा "बरं" म्हणाले आणि टेम्पोत रोपं भरायला गेले. मग डेंगीचं निमित्त झालं. एकोणीस वर्षांची पोर चार दिवसांत गेली. त्याला आता आठ महिने झाले होते.

त्या दिवसापासून त्यांच्या बायकोनं, सुशीलाबाईंनी, नर्सरीत पाऊल टाकलं नव्हतं. एरवी त्यांनी बांधलेलं कलम मरत नाही, अशी ख्याती. आता त्या दुपारभर टॅब मांडीवर घेऊन त्या फुलाकडे बघत बसत. रंगरावांना बोलून समजूत घालणं जन्मात जमलं नव्हतं. रोप मलूल झालं की त्याची जागा बदलून बघायची, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी मनाशी ठरवलं, हेच फूल फाटकावर लावायचं. चांगलं हातभर, पितळेसारखं झळकणारं. ते बघायला तरी ती येईल, आणि आली की दोन कलमं बांधल्याशिवाय जाणार नाही. म्हणून बायकोला पत्ता लागू न देता, टॅब पिशवीत घालून ते सकाळीच निघून आले होते.

"का बरं राहत न्हाई ती?" त्यांनी विचारलं.

"तिच्यात रंगच भरलेला नाही. नुसती रेघ आहे. सपाट चित्राला जाडी द्यायची तर आत काहीतरी लागतं, काका. तशीच ठेवली तर फुलात भोक दिसेल." जिनतनं माउसवरचा हात काढला. एका क्लिकचं काम होतं, तिनं केव्हाच उरकलं असतं. पण रंगरावांकडून तिला गोष्ट कळली होती. "मूळ चित्रातच भरू या. तुम्हीच भरा ना. मुलीचं आहे."

रंगरावांनी बोट शर्टाला पुसलं. नखातली माती काही गेली नाही. त्यांनी ते पाकळीवर टेकवलं आणि पाकळी एकदम पिवळी झाली.

"झालं?"

"झालं."

मग जिनतनं फुलाला जाडी दिली, कडा गोलावल्या, वर पितळेचा रंग चढवला. उजेड डावीकडून सोडला. पाकळ्यांच्या सावल्या एकमेकींवर पडल्या आणि इतका वेळ कागदासारखं पडून असलेलं फूल पडद्यावर उमललं. रंगरावांना रडू आवरेना. पोरीनं अर्धवट सोडलेलं काम आपल्या हातून पुरं झालं. बाप म्हणून तेवढं तरी झालं.

ते घरी पोचले तेव्हा सुशीलाबाई उंबऱ्यातच उभ्या होत्या. सगळं घर धुंडाळून झालं होतं.

"टॅब कुठं हाय?"

"अगं, हे बघ तर आधी." रंगरावांनी जिनतनं चित्र पाठवलेला मोबाइल पुढं धरला. "भागूचं फूल. फाटकावर लावायचंय. तू सांगशील तिथं लावू."

सुशीलाबाई बघत राहिल्या. ओठ हलत होते. त्या पाकळ्या मोजत होत्या. मग त्यांनी मोबाइल तसाच बाजूला सारला, नवऱ्याच्या पिशवीतून टॅब ओढून काढला आणि उघडला. तिथंही पाकळी पिवळी होती.

"ही कुणी भरली?"

"मी," रंगराव म्हणाले. आवाजात थोडा अभिमानही होता. तो त्यांना पुढं जन्मभर खुपणार होता.

सुशीलाबाई टॅब घेऊन उंबऱ्यावर बसल्या. "रोज दारात रांगोळी काढायची ती. समदं भरायची आन् येक पाकळी मोकळी ठेवायची. मंग हाक मारायची, आई, तुझी ठेवलीय गं. चार वर्साची होती तवापासनं. येक दिवस चुकली न्हाई."

रंगराव रोज पहाटेच रोपांच्या पाण्याला जात. त्यांनी दारातली रांगोळी कायम पुरी झालेलीच पाहिली होती.

"पुसून आणतो मी," ते घाईघाईनं म्हणाले. "त्या ताईला सांगतो, पहिल्यासारखी मोकळी करून दे."

"ती तुमी मोकळी केलेली असंल. तिनं ठेवलेली न्हाई."

रंगरावांनी चाचरत विचारलं, "पण मंग आठ महिनं टॅब तुझ्याच मांडीवर होता. तूच का भरली न्हाईस?"

सुशीलाबाईंनी त्या पिवळ्या पाकळीवरून हलकेच पदर फिरवला.

"भरली असती, तर तिचं माझ्याकडं काय कामच उरलं नसतं."