दोन शर्वरी आणि एक अर्ज

"कुणाचा विश्वास बसणार नाही, पण मी दोन्ही पदव्या एकदम घेतल्या," अच्युतमामा म्हणाले.

समोर भाची शर्वरी आणि एका माणसाचे दोन करणाऱ्या यंत्रातून आजच्या चाचणीपुरती काढलेली दुसरी शर्वरी बसल्या होत्या. शर्वरीला पाचपर्यंत कॉलेजचा अर्ज भरायचा होता: नुसतं रोबोटिक्स, की जोडीला जनुकशास्त्रही?

"सकाळी दोन अच्युत व्हायचे, संध्याकाळी जोडून पुन्हा एक."

"दमायचे नाहीत?" शर्वरीने विचारलं.

"छे! दोघंही कॅन्टीनमध्ये. प्रत्येकाला वाटे, दुसरा अभ्यास करतोय. चार वर्षं मिसळ हाणली, तरी दोन्हीकडे पहिला!"

शर्वरीने दुसऱ्या शर्वरीकडे रोखून पाहिलं. दुसरीने हळूच मान खाली घातली. शर्वरीने अर्जात एकट्या रोबोटिक्ससमोर खूण केली.

"थाप, मामा!" दुसरी एकदम ओरडली. "दोघंही मिसळ खात होतात, तर पहिला आला तो कोण?"