दर्शनी भिंतीतली खिडकी

भिंतीवर खडूने भलामोठा चौकोन काढलेला होता. म्हातारा अल्व्हा प्रेंटिस हिरवळीवर उभा राहून त्याच्याकडे असा बघत होता, जणू कुणी त्याच्याच कपाळावर काहीतरी खरडून ठेवलंय.

"ही खिडकी नाही, दुकान आहे," तो म्हणाला. "आत केक मांडून ठेवणार आहात का?"

घर त्यानेच बांधलं होतं. अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनमध्ये रबराच्या कारखान्यांची भरभराट होती तेव्हा या टेकडीवर त्याने अशी किती घरं उभी केली. खूप उतरतं छप्पर, काळ्या लाकडांच्या मधे पांढरा गिलावा, शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या शंकरपाळ्याच्या आकाराच्या काचा. कालपरवाचं घर इंग्लंडातलं तीनशे वर्षांचं वाटावं म्हणून त्याने जीव टाकला होता. दुसरं महायुद्ध संपलं आणि लोकांना बसकी, काचेची घरं हवीशी झाली. तेव्हापासून प्रेंटिसकडे एकही काम आलं नव्हतं.

"मिस्टर प्रेंटिस, मी भर दुपारी दिवा लावून शिवायला बसते," डॉलोरेस कोवाच म्हणाली. घर आता तिचं होतं. "नवरा दातांचा डॉक्टर आहे. तो म्हणतो, पेशंटच्या तोंडात याहून जास्त उजेड असतो."

"इंग्लंडात घरं अशीच असतात."

"असतील. त्यांना बाहेर बघायचंय तरी काय, पाऊस? माझ्या दारात एवढं मोठं एल्मचं झाड आहे, ते मला घरातून दिसत नाही." तिचंही पित्त खवळलं होतं. "आणि तुळयांना कीड लागली म्हणून आम्ही माणूस बोलावला, तर तो हसत सुटला. म्हणाला, बाई, ही भोकं कुणीतरी गिरमिटाने पाडलीत."

"लाकूड जुनं दिसावं म्हणून मीच पाडून घेतली. हाताने. सारख्या अंतरावर एकही सापडणार नाही तुम्हाला," प्रेंटिस म्हणाला, आणि या वयातही त्याची मान जराशी ताठ झाली.

वस्तीचा नियम असा होता, की ज्याने घर बांधलं त्याची सही असल्याशिवाय दर्शनी भिंतीला कुणी हात लावायचा नाही. हा नियमही प्रेंटिसनेच भांडून करवून घेतला होता. सही द्यायची नाही आणि पुढची बस पकडून घरी जायचं, असं ठरवूनच तो आला होता.

"मी सही करणार नाही."

"नका करू. नियमाची मुदत सप्टेंबरात संपतेय, मी थांबेन. तुम्हाला न सांगता भिंत फोडणं बरं दिसलं नसतं, म्हणून फोन केला."

प्रेंटिस पुन्हा चौकोनाकडे बघू लागला.

"कुणी काढलाय हा?"

"कंत्राटदाराने."

"गाढव आहे."

वरची कड छपराला जाऊन भिडली होती आणि एक बाजू दुसरीपेक्षा खाली उतरली होती. त्याला बाईचा वैताग आला, कंत्राटदाराचा आला, अख्ख्या अ‍ॅक्रन शहराचा आला. पण सगळ्यांत जास्त वैताग आला तो स्वतःच्या हाताचा. हात शिवशिवत होता.

"ओलं फडकं आणा," तो खेकसला. "आणि खडू."

त्याने चौकोन पुसून टाकला. नवा काढला तो खाली आणि आडवा, छपराला मोकळा श्वास घेऊ देणारा. आत दोन उभ्या रेघा ओढल्या. "इथे दगडी खांब. काचा साध्या चालतील. खाली रुंद कट्टा करा, म्हणजे झाड बघत शिवता येईल." तो कुंपणापर्यंत मागे गेला, डोळे बारीक करून बघितलं, परत आला आणि एक रेघ दोन बोटं सरकवली. कोटाला, गुडघ्यांना खडू लागला होता. आपण इथे कशासाठी आलो, याचाही त्याला घटकाभर विसर पडला.

"म्हणजे हे चालेल?" डॉलोरेसने विचारलं.

"अजिबात चालणार नाही. घराचा सत्यानाश होणार आहे. व्हायचाच असेल, तर निदान नीट होऊ दे. आणा तो सहीचा कागद." आणि त्याने सही केली.

तेवढ्यात समोरची मिसेस ह्यूलिट रस्ता ओलांडून आली. तिचंही घर प्रेंटिसच्याच हातचं, त्याने बांधलेल्या सगळ्या घरांत त्याचं सर्वांत लाडकं. ती खडूच्या रेघांकडे बराच वेळ बघत राहिली.

"आमच्याकडेही नुसता अंधार आहे हो," ती म्हणाली. "कराल का आमचं? की सध्या हातात फार कामं आहेत?"

प्रेंटिसने रस्त्यापलीकडे पाहिलं. त्या घराच्या काचांवर ऊन पडलं होतं आणि प्रत्येक शंकरपाळं वेगळं चमकत होतं. त्याने खडूचा उरलेला तुकडा खिशात टाकला.

"कुठली भिंत?" त्याने विचारलं.