युस्टनवरची हिरवी पट्टी

१९५५ सालच्या जूनमधली गोष्ट. डब्लिनच्या बोटीवरची माणसं घेऊन येणारी गाडी सकाळी सहाला लंडनच्या युस्टन स्टेशनात लागायची. त्या दिवशी तिला वीस मिनिटं उशीर झाला, आणि तेवढ्यात नोनी टार्पीने फलाटाच्या चार फेऱ्या मारल्या.

"पायाला भिंगरी लागलीय का, मिसेस टार्पी?" म्हातारा हमाल म्हणाला. तोही तिच्यासारखाच आयर्लंडमधल्या मेयोचा. "पोरींसाठी एवढं धावता, या वर्षी संघाने मेडल तुम्हालाच द्यायला हवं."

"मेडल राहू दे. आधी तुझी गाडी आण."

नोनीने बाहीवरची हिरवी पट्टी नीट केली. भिंतीवर, बोटीने येणाऱ्या मुलींना मदत करणाऱ्या आयरिश संघाचं पत्रक चिकटवलेलं होतं. मुलींनो, अनोळखी बाईबरोबर जाऊ नका, संघाची हिरवी पट्टी ओळखा. नोकरीच्या आमिषाने पोरींना घेऊन जाणाऱ्या बायका तेव्हा युस्टनला काही कमी नव्हत्या.

राखाडी कोटातली ती बाई आजही आली होती. वर्तमानपत्रांच्या दुकानापाशी उभी, हातात चिठ्ठी. तिला पाहून नोनी फलाटाच्या पुढच्या टोकाकडे सरकली. गेल्या मंगळवारी एक पोरगी अशीच डोळ्यांदेखत हातची गेली होती.

गाडी आली. माणसांचा लोंढा उतरला. नोनी चेहरे बघत नव्हती, कोट बघत होती. एवढ्या उकाड्यात गळ्यापर्यंत बटणं लावलेला एक तपकिरी कोट तिला दिसला. पोटाशी दोन्ही हातांनी बॅग धरलेली. वीसच्या आतलीच असेल पोर.

"संघाकडून आलेय मी, बाळा. नाव काय तुझं?"

"डिंपना." पट्टी पाहून पोरीचा जीव भांड्यात पडला. "पण फादरनी तुम्हाला कळवलं होतं ना?"

"रोज दहाजणी उतरतात गं. कितवा महिना?"

डिंपना कानापर्यंत लाल झाली. "पाचवा. घरी कुणाला माहीत नाही. फादरनी ही चिठ्ठी दिलीय तुमच्यासाठी."

नोनीने ती न फोडताच खिशात टाकली. "चल. बोलू मग."

"डिंपना गिल्डे!" मागून हाक आली.

पोरगी थबकली. "त्या बाईंना माझं नाव कसं माहीत?"

"असतं त्यांना माहीत. मागे बघू नकोस."

"त्यांच्याही बाहीवर पट्टी आहे, मिसेस."

"पट्टी काय, कुणीही शिवेल. ती बॅग दे इकडे आणि पाय उचल."

दोघी जवळजवळ धावतच बाहेर पडल्या आणि सुटत्या बसमध्ये चढल्या. पुढचे दोन थांबे नोनी मागच्या काचेतून बघत होती.

"कुठे नेलं असतं हो त्यांनी मला?" डिंपनाने हळूच विचारलं.

"तिथून आलेली पोरगी मग पहिल्यासारखी राहत नाही," नोनी म्हणाली. "न्याहारीला अंडं खाशील ना?"

डिंपनाला ऑक्टोबरात मुलगा झाला. तो नोनीच्या किलबर्नच्या खोलीत रांगायला शिकला, पुढे त्याच रस्त्यावर बस चालवू लागला, आणि आईला त्याने शेवटपर्यंत जवळ ठेवलं. हमाल मेयोला परतला आणि स्वतःच्या चुलीपुढे मेला. मेडल मिस गीलनला मिळालं. संघाच्या सुवर्णमहोत्सवी पुस्तकात पहिल्याच पानावर तिचा फोटो आहे. तोच राखाडी कोट, बाहीवर हिरवी पट्टी. खाली लिहिलंय, तीस वर्षांत वाट चुकलेल्या चारशे मुलींना मिस गीलनने युस्टनवरच गाठलं आणि त्याच दिवशीच्या बोटीने मायदेशी, नन्सच्या आश्रमात सुखरूप पाठवलं. तिथे जन्मलेलं बाळ आईजवळ ठेवत नसत, हे मात्र लिहिलेलं नाही. नोनी टार्पीचं नाव त्या पुस्तकात कुठेच नाही. ती संघाची सभासद कधीच नव्हती, तिची पट्टी स्वयंपाकघराच्या पडद्यातून कापलेली होती. त्या चारशेंमध्ये मात्र ती आहे. सदतीस साली दोन जिवांची त्या आश्रमात गेली, आणि एका जिवाची लंडनला परत आली.